पडलेले दात, पुरलेला ओढा

शहरातल्या रिकाम्या जागांना आपल्याकडे धड नावसुद्धा नसतं. गावात पडीक असतं, माळ असतो, गायरान असतं. शहरात मात्र "तो मागचा प्लॉट", नाहीतर "तिकडे नाही का, कचरा टाकतात, तिथे" एवढ्यावर भागतं. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांचा अशा जागांवर भारी जीव. कुठल्या ना कुठल्या कॉलेजात दरवर्षी हा विषय असतोच: एक दुर्लक्षित जागा शोधा आणि तिथे वस्तीच्या उपयोगाचं काहीतरी करून दाखवा. मुलं येतात, टेप धरून मापं घेतात, टपरीवाल्याला चार प्रश्न विचारतात, महिनाभर रात्री जागून शीट्स काढतात, स्पंजची झाडं लावलेलं सुरेख मॉडेल करतात. ज्यूरी होते. मॉडेल कपाटावर जातं. जागा तिथेच, कचराही तिथेच.

हे मी कुचेष्टेने म्हणत नाहीये हं. आमच्या घरात दोन आर्किटेक्ट आहेत आणि तिसरी तयार होते आहे, तेव्हा बोलायची सोय नाही! पण कपाटावर न गेलेल्या अशा एका प्रकल्पाची गोष्ट मला माहीत आहे, आणि ती लिहायचं केव्हापासून मनात आहे. गोष्ट फिलाडेल्फियाची. आम्ही तिथे तीन वर्षं राहिलो, शहराच्या पश्चिम भागात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठापासून चालत वीसेक मिनिटांवर. (तिथे सगळे विद्यापीठाला नुसतं 'पेन' म्हणतात, मीही तेच म्हणेन.)

आधी जागा रिकाम्या का झाल्या ते सांगायला हवं. 1950 च्या जनगणनेत फिलाडेल्फियाची लोकसंख्या 20 लाख 71 हजार होती. 1990 मध्ये ती 15 लाख 85 हजारांवर आली. चाळीस वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं कमी. कारखाने बंद पडले आणि ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले. जमलं ते बहुतेक गोऱ्यांना. 1930 च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे काढले होते, त्यात कृष्णवर्णीयांच्या आणि गरिबांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या. लाल म्हणजे कर्ज देणं धोक्याचं. ज्या वस्तीत घर दुरुस्त करायला कर्ज मिळत नाही तिथली घरं पडणारच. तिथली घरं म्हणजे रो हाउसेस, शेजारच्या घराशी भिंत सामायिक असलेली, दोन-तीन मजली. त्यांतलं एक पाडलं की ओळीत दात पडल्यासारखं दिसतं. ही उपमा माझी नाही. पुढे विद्यार्थ्यांनी अशा जागांचे प्रकार पाडले तेव्हा एका प्रकाराचं नावच 'पडलेले दात' असं होतं.

या जागांवर विद्यार्थी पहिल्यांदा उतरले ते साधारण 1960 च्या आसपास, आणि त्यांना तिथे नेणारा माणूस होता कार्ल लिन. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं इतका तो भन्नाट आहे. जन्म 1923, जर्मनीत. आईची फळबाग होती. घर ज्यू, त्यामुळे 1934 मध्ये सगळं टाकून पॅलेस्टाइनला जावं लागलं. पुढे स्वित्झर्लंडला जाऊन मानसशास्त्र शिकला, 1948 मध्ये न्यूयॉर्कला आला, मुलांसाठी मानसोपचाराचं काम केलं आणि मग वळला लँडस्केपकडे. सीग्रॅम बिल्डिंगमधल्या त्या सुप्रसिद्ध फोर सीझन्स रेस्टॉरंटमधली झाडांची रचना त्याची. पण धनिकांच्या बागा सजवण्यात त्याचं मन रमेना. 1959 मध्ये इयन मॅकहार्गने त्याला पेनमध्ये शिकवायला बोलावलं. (हा मॅकहार्ग लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.)

लिनने विद्यार्थ्यांना ड्रॉइंग बोर्डावरून उठवलं आणि उत्तर फिलाडेल्फियातल्या रिकाम्या प्लॉटांवर फावडी घेऊन उभं केलं. शेजारीपाजारी, पोरंटोरं, स्वयंसेवक असे सगळे मिळून काम करायचे. सामान कुठून? तर पाडलेल्या घरांमधून. फिलाडेल्फियातल्या जुन्या घरांच्या दाराशी पांढऱ्या संगमरवराच्या पायऱ्या असायच्या. घरं पाडली की त्या राडारोड्यात जायच्या. लिनच्या मुलांनी त्या उचलून आणल्या आणि त्यांची बसायची ठिकाणं केली. विचार करा, ज्या पायरीवर संध्याकाळी बसून आजीने शेंगा सोलल्या असतील, ती पायरी पुन्हा बसायच्या कामाला! अमेरिकेत गावकरी एकत्र येऊन एकाचं धान्याचं कोठार एका दिवसात उभं करायचे, त्या प्रथेचा आदर्श लिन समोर ठेवायचा. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात, आणि त्याने या जागांना दिलेलं 'कॉमन्स' हे नाव म्हणजे आपलं गायरानच. शब्द होते आपल्याकडे. शहरात येताना आपण ते गावच्या वेशीवर ठेवून आलो, एवढंच.

पण लिनच्या त्या जागांपैकी बऱ्याच काही वर्षांत पुन्हा उजाड झाल्या. जमीन कायद्याने वस्तीची नव्हती, देखभालीला पैसे नव्हते, बांधणारी मुलं पास होऊन निघून गेली. 1966 मध्ये लिननेही पेन सोडलं. शिकवण्याच्या दृष्टीने काम अव्वल, पण जमिनीवर टिकलं कमी. लिनला स्वतःला याची जाणीव होती आणि पुढचं सगळं आयुष्य तो हाच प्रश्न सोडवत राहिला. उतारवयात बर्कलीमध्ये त्याने लोकांबरोबर बागा केल्या, त्यांतल्या एका बागेला त्याचं नाव आहे. 2005 मध्ये तो गेला.

आता दुसरी पिढी. मॅकहार्गच्याच हाताखाली पेनमध्ये शिकलेली एक विद्यार्थिनी, ॲन व्हिस्टन स्पर्न. 1984 मध्ये तिचं 'द ग्रॅनिट गार्डन' हे पुस्तक आलं. शहर म्हणजे निसर्ग संपतो ती जागा, हा समज खोडून काढणारं पुस्तक आहे ते. शहरातही पाणी उतारानेच वाहतं, माती बसते, वारा वाहतो, फक्त आपल्याला ते दिसत नाही. तेव्हा ती हार्वर्डला शिकवत होती. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातल्या रिकाम्या जागांचा विद्यार्थ्यांसह अभ्यास करताना तिच्या लक्षात आलं की या जागा कशाही विखुरलेल्या नाहीत. उंचावर कमी आहेत आणि खोलगट भागात, जुन्या ओढ्यांच्या खोऱ्यात, दाट आहेत. नकाशावर नकाशा ठेवला की दोन्ही आकृत्या जुळतात. घरं सोडून जाण्याची कारणं गरिबी, भेदभाव, जाळपोळ ही होतीच. पण कुठली घरं आधी सुटली याचा जमिनीखालच्या पाण्याशी काहीतरी संबंध होता.

1986 मध्ये ती पेनला विभागप्रमुख म्हणून आली आणि 1987 मध्ये वेस्ट फिलाडेल्फियाचा प्रकल्प सुरू झाला. सुरुवात लिनसारखीच. विद्यार्थ्यांनी रिकाम्या जागा मोजल्या, त्यांचे प्रकार पाडले. घरांच्या रांगेत एकच प्लॉट रिकामा तो 'पडलेला दात'. कोपऱ्यावरचे प्लॉट वेगळे, दोन रस्ते जोडणारे वेगळे, अख्खा ब्लॉकच ओसाड असेल तर तो वेगळा, आणि जिथे घरं आणि खड्डे यांची सरमिसळ झाली आहे त्याला नाव 'स्विस चीज'. ही वर्गवारी गंमत म्हणून नव्हती. पडलेल्या दाताचं उत्तर सोपं असतं: शेजारच्याला अंगण म्हणून द्या, तो सांभाळेल. कोपऱ्याचा प्लॉट सगळ्यांच्या नजरेत असतो, तिथे दुकान किंवा बसायची जागा चालते. स्विस चीजचं मात्र एकेका प्लॉटपुरतं उत्तर नसतं. एरवी 'रिकामी जागा' म्हटलं की आपण बाग किंवा पार्किंग यापलीकडे जात नाही, म्हणून मला हे आवडतं.

त्या काळातली एक बाग आजही आहे, 49 व्या रस्त्याजवळची ॲस्पन फार्म्स. 1975 मध्ये शेजाऱ्यांनीच ती सुरू केलेली. आपापले वाफे, त्यात भाजी. लावणारे बरेचसे वयस्कर कृष्णवर्णीय, दक्षिणेतल्या राज्यांतून आलेले, लहानपणी शेतीत वाढलेले. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा कुंपणाशी भेंडीची रांग बघून मला भरूनच आलं होतं. (घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "भेंडी बघून रडलीस?") तर 1988 मध्ये स्पर्नबाईंच्या विद्यार्थ्यांना इथे काम मिळालं की बागेत सगळ्यांनी एकत्र बसायला जागा करायची, पण वाफ्यांवर घाला न घालता. आता एकत्र बसायची जागा म्हटलं की विद्यार्थ्याचा हात आपोआप मध्यभागी एक मोठा गोल काढतो. इथे गोल काढला की कुणाचे तरी टोमॅटो जाणार! निवड बागवाल्यांची होती, प्राध्यापकांची नाही. त्यांनी निवडलेल्या आराखड्यात बागेकडे एक छोटं गाव म्हणून पाहिलं होतं. मधली पायवाट म्हणजे गावचा मुख्य रस्ता, वाफे म्हणजे घरं. पायवाट रुंद केली, जागोजागी टेकायला ठिकाणं केली, आणि वाफ्यांच्या रस्त्याकडच्या कडेला फुलं लावता येतील अशी सोय केली, घरापुढच्या अंगणासारखी. वाफा गेला नाही आणि गप्पा मारायला जागा झाली.

ही बाग टिकली, कारण ती आधीपासूनच कुणाची तरी होती. मुलं गेली तरी टोमॅटो लावणारे तिथेच होते.

इथवरची गोष्ट चांगल्या विद्यार्थी-प्रकल्पाची. पुढची त्याहून मोठी आहे, आणि ती जमिनीखाली आहे.

ज्या भागात हे काम चाललं होतं त्याचं नाव मिल क्रीक. गिरणीचा ओढा. नाव होतं, ओढा मात्र कुठेच नव्हता. एकोणिसाव्या शतकात तिथे खराच ओढा वाहत होता, त्याच्या काठी पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या. वेस्ट फिलाडेल्फियाच्या अर्ध्याहून जास्त भागाचं पाणी त्यात यायचं आणि पुढे स्कूलकिल नदीला मिळायचं. शहर वाढलं तसा ओढ्याचा उकिरडा झाला, गटार झालं. मग 1880 च्या दशकात आणि त्याच्या आगेमागे तो अख्खा ओढा सुमारे 20 फूट व्यासाच्या विटांच्या भुयारात घातला. वर राख, राडारोडा, माती टाकून खोरं भरून काढलं, रस्ते आखले, प्लॉट पाडले, घरं बांधली. वरून पाहणाऱ्याला सपाट शहर. खाली ओढा चालूच, आता मैलापाण्यासकट.

भराव बसतो. जुन्या खोऱ्याच्या दिशेने जमिनीतलं पाणी झिरपत राहतं, तळघरं ओली होतात, भिंतींना तडे जातात. भुयार जुनं होतं आणि कधीतरी कोसळतं. 1961 च्या जुलैमध्ये 50 व्या रस्त्याजवळ तसं झालं. घरं खड्ड्यात गेली, माणसं दगावली, मग आसपासची डझनावारी घरं पाडावी लागली. त्याआधीही लहानमोठ्या पडझडी होत आल्या होत्या. स्पर्नबाईंनी आणि विद्यार्थ्यांनी जुने नकाशे आणि आजच्या रिकाम्या जागा एकावर एक ठेवल्या, तर ओसाड प्लॉटांचा एक पट्टाच ओढ्याच्या मार्गावरून जात होता. पडलेले दात उगाच पडलेले नव्हते.

आमच्या घराजवळ क्लार्क पार्क नावाचं उद्यान होतं, 1895 पासूनचं. तिथे चार्ल्स डिकन्सचा पुतळा आहे, आणि मैदानाच्या एका भागाला सगळे 'बोल' म्हणतात, कारण तो वाडग्यासारखा खोलगट आहे. हिवाळ्यात मुलं त्याच्या उतारावरून घसरगाड्या घेऊन घसरतात. आमचं कन्यारत्नही रोज ओलंचिंब होऊन यायचं. तो खोलगट भाग म्हणजे मिल क्रीकवरच्या एका गिरणीचा जुना तलाव आहे हे मला तिथे राहायला लागून दीड वर्ष झाल्यावर कळलं. दीड वर्ष मी ओढ्याच्या काठावर थर्मास घेऊन बसत होते!

(आणखी एक, कंसातच सांगते. मिल क्रीक भागात 1950 च्या दशकात सरकारी घरांची वसाहत बांधली ती लुई कानने. आपल्या अहमदाबादच्या आयआयएमचा वास्तुकार. ज्यांनी त्याला अहमदाबादला आणलं ते बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले, आणि मुंबईचे अनंत राजे त्याच्या फिलाडेल्फियातल्या ऑफिसात 1964 ते 1969 काम करत होते. मिल क्रीकची ती वसाहत 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाडली गेली. कानचं अहमदाबाद बघायला लोक जगभरातून येतात, मिल क्रीकमधलं काम कुणाला आठवतही नाही.)

ओढ्याचं हे सगळं लोकांना दाखवल्यावर काय झालं? काही नाही. 1994 मध्ये शहराच्या नियोजन मंडळाचा वेस्ट फिलाडेल्फियाचा आराखडा आला, त्यात पुरलेल्या ओढ्याचा विचारच नव्हता. ओढ्यावरच्याच एका ओसाड ब्लॉकवर पहिल्यांदा घर घेणाऱ्या गरीब कुटुंबांसाठी सवलतीची घरं बांधायचं ठरलं आणि बांधलीही. मला यातला दुष्टावा वगैरे काही दिसत नाही. उलट चांगल्या हेतूने केलेलं काम आहे ते, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. नकाशा हातात असून वाचता येत नसेल तर चांगला हेतू कुणाचं तरी आयुष्यभराचं कर्ज भरावावर नेऊन ठेवतो.

मग स्पर्नबाईंनी एक वेगळीच गोष्ट केली. त्या शाळेत गेल्या. सल्झबर्गर मिडल स्कूल, ओढ्याच्या खोऱ्यातली सरकारी शाळा, 1996 चं साल. पेनचे विद्यार्थी आठवीच्या वर्गात जाऊ लागले. वर्गाच्या शिक्षकांच्या मदतीने त्यांनी मुलांपुढे जुने नकाशे, भुयार बांधतानाची छायाचित्रं, जनगणनेचे तक्ते ठेवले आणि विचारलं, काय दिसतं? इथे ओढा होता यावर आधी मुलांचा विश्वासच बसेना. मग हळूहळू ती स्वतःच शोधायला लागली. कुठल्या रस्त्यावर घरं आहेत, कुठल्यावर नाहीत, कधीपासून नाहीत. त्या वस्तीला लोक 'द बॉटम' म्हणत. मुलांना वाटायचं आपण गरीब, तळाचे, म्हणून बॉटम. नकाशा पाहिल्यावर कळलं की ते खरोखरचं खोऱ्याचा तळ आहे. दोन्ही अर्थ खरे, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध.

मुलांनी निबंध लिहिले, त्यांची पुस्तिका झाली. शाळेच्या आवारात पाण्याची बाग केली, रिकाम्या प्लॉटांसाठी स्वतःचे आराखडे काढले. आठवीतल्या मुलांचे आराखडे! प्लॉटावर काय होणार याचा निर्णय अजून शहराच्याच हातात होता. पण आता प्लॉट रिकामा का झाला हे सांगू शकणारी माणसं त्याच गल्लीत राहत होती, सेमिस्टर संपल्यावर सामान बांधून जाणारी नव्हती. लिनच्या वेळेला जे राहून गेलं ते हे, असं मला वाटतं. त्याच्या मुलांनी वस्तीला जागा बांधून दिली, स्पर्नबाईंच्या मुलांनी वस्तीतल्या पोरांना जागा वाचायला शिकवलं.

याचाही शेवट गोड नाही. डिसेंबर 2001 मध्ये राज्य सरकारने शहरातल्या शाळांचा कारभार हाती घेतला, 2002 मध्ये बऱ्याच शाळा चालवायला खासगी कंपन्यांकडे दिल्या, त्यात सल्झबर्गरही होती. तो उपक्रम तिथे थांबला. स्पर्नबाई तोवर एमआयटीला गेल्या होत्या. त्यांनी तिथून प्रकल्प चालू ठेवला, पण तो वर्ग गेला तो गेलाच.

शहराच्या पाणी खात्याला मात्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या कामात रस वाटायला लागला होता. त्यांची अडचण वेगळी होती. फिलाडेल्फियाच्या सुमारे 60 टक्के भागात पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस आला की नळ भरतात आणि सगळं नदीत उसळतं. भलेमोठे नवे बोगदे खणायचे, नाहीतर पाऊस जमिनीवरच अडवायचा, मुरवायचा. स्पर्नबाई कितीतरी आधीपासून सांगत होत्या की ओढ्याच्या वाटेवरच्या रिकाम्या जागा पावसाचं पाणी थोपवायला वापरा, म्हणजे वस्तीला बागा आणि मैदानं मिळतील आणि नदीही वाचेल. 2011 मध्ये शहराची 'ग्रीन सिटी, क्लीन वॉटर्स' ही 25 वर्षांची योजना मंजूर झाली, खर्च सुमारे 2.4 अब्ज डॉलर. बोगद्यांऐवजी मुख्य भर मातीवर आणि झाडांवर. सगळं श्रेय विद्यार्थ्यांना देणं भाबडेपणाचं होईल, स्वच्छ पाण्याच्या कायद्याचा बडगा डोक्यावर होताच. पण 1987 मध्ये विद्यार्थ्यांच्या शीट्सवर असलेली कल्पना शहराच्या अंदाजपत्रकात पोचली, हे खरं.

एक गोष्ट मला अजून टोचते. "तुमचं घर ओढ्यावर आहे" हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय यावर बरंच अवलंबून असतं. मिल क्रीकमधल्या माणसाने ते ऐकलं की त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार, म्हणजे आता आम्हाला उठवणार का? पिढ्यान्‌पिढ्या तेच झालेलं असताना त्याने दुसरं काय समजावं? म्हणून आठवीतल्या मुलाने तो नकाशा स्वतः शोधणं आणि साहेबाने तो आणून दाखवणं यात मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

पुणेकरांना हे लांबचं वाटायचं कारण नाही. आपला आंबिल ओढा घ्या. कात्रजकडून येणारा हा ओढा पेशवाईत नानासाहेबांच्या काळात वळवला गेला. पुढच्या काळात तो आवळत गेला, काठावर सोसायट्या आल्या, वस्त्या आल्या, भिंती आल्या. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पाऊस असा कोसळला की ओढ्याने आपलं सगळं जुनं पात्र परत मागितलं. अरण्येश्वरला भिंत पडून माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. आमची पद्मावतीची आत्या रात्रभर शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर बसून होती. आणि मग 24 जून 2021 ला, भर पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वसाहतीतली घरं पाडायला महापालिकेची यंत्रं आली. लोक रस्त्यावर आले, कोर्टाने स्थगिती दिली. ओढ्याच्या वाटेत घरं आहेत हे खरंच. पण ओढ्याच्या वाटेत सोसायट्यांच्या भिंतीही आहेत, आणि यंत्र आधी कुठे येतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

आमच्या भाचीला (ती तयार होणारी तिसरी!) या सेमिस्टरला नेमका ओढ्याकाठचाच एक तुकडा मिळाला आहे. पहिल्या शीटवर तिने काय काढलं असेल? ॲम्फीथिएटर. मी काही बोलले नाही. फक्त विचारलं की ही जागा रिकामी कशी काय राहिली गं, पुण्यात, या भावात? त्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, तिथल्या एका आजींना माहीत असेल, त्या रोज तिथे धुणं वाळत घालतात." दुसऱ्या दिवशी ती टेप न घेता गेली. आजींनी तिला भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण दाखवली, आणि त्याच्या वर हातभर अंतरावर आणखी एक जुनी रेघ. ती कुठल्या वर्षीची यावर आजींचं आणि त्यांच्या धाकट्या दिरांचं एकमत झालं नाही. भाची आता दोघांकडे चहाला जाते.

तर तिने बेत असा केला आहे की कात्रजच्या तलावापासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याच्या कडेकडेने, जिथवर जाता येईल तिथवर चालत जायचं, हातात जुना नकाशा घेऊन. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला निघतोय. आजी येणार नाहीत, पण त्यांचे दीर येणार आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत मला कळवा. जुनी चप्पल घाला, बरोबर पाणी आणा. नाश्ता आत्याकडे.